गळक्या छपराचे शौकीन

चिपळूणला वाढलेल्या माणसाला, गाडीचं छप्पर मुद्दाम काढून ठेवण्यात काय गंमत आहे हे पटवून देणं कठीण. आमच्याकडे छपराची काळजी वर्षभर पुरायची. मे महिन्यात गडी लावून कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, आणि एवढं करूनही जुलैतल्या एखाद्या रात्री माजघरात पातेलं मांडायचं. पुढे माझ्या पोटापाण्याचं कामही नेमकं पाणी अडवण्याचंच निघालं. गाडीच्या दाराच्या कडेने जी काळी रबरी पट्टी फिरते, ती मी डिझाइन करते. आधी काही वर्षं चाकणला, आणि आता बराच काळ डेट्रॉइटच्या उपनगरात. कुणी विचारलं की मी "गाड्यांचं काम करते" एवढंच सांगते, कारण "रबर" म्हटलं की समोरच्याचा उत्साह मावळतो.

त्यामुळे छपराला दोन मोठी भगदाडं पाडलेली गाडी शेजारच्या दारात पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या कपाळाला आठ्याच पडल्या. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

"पाऊस आला तर?"

"थांबायचं आणि परत लावायचं, बाबा."

"मग काढलं कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी या गाड्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या आसपास घुटमळायला लागले ती त्या प्रश्नापायीच.

आधी जुजबी ओळख. कन्व्हर्टिबलचं कापडी छप्पर अख्खंच्या अख्खं मागे दुमडतं. टार्गामध्ये डोक्यावरचा एकच तुकडा निघतो, पाठीमागे जाड कमान तशीच उभी राहते. आणि टी-टॉपमध्ये पुढच्या काचेपासून मागच्या कमानीपर्यंत मधोमध एक दांडा जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पॅनल निघतं. वरून पाहिलं तर इंग्रजी टी. पॅनल कधी पत्र्याचं, कधी फायबरचं, कधी काळसर काचेचं. बहुतेक सगळ्या जुन्या गाड्यांत ते हाताने काढायचं आणि हाताने लावायचं. मोटर नाही, बटण नाही.

टी-टॉपचं पेटंट गॉर्डन ब्युरिगच्या नावावर आहे, 1951 सालचं. ब्युरिग म्हणजे कॉर्ड 810 सारखी देखणी गाडी रेखाटणारा माणूस. त्याने 1948 मध्ये टास्को नावाची एक स्पोर्ट्सकार तयार केली होती. विमानाच्या कॉकपिटवरून सुचलेली, पुढची चाकं झाकणारे मडगार्ड चाकांबरोबर वळणारे, आणि डोक्यावर काढता येणारी दोन पॅनलं. गाडी एकच बनली. इंडियाना राज्यातल्या ऑबर्नच्या संग्रहालयात ती ठेवलेली आहे. विचित्र दिसते, खोटं कशाला बोला. पण तिच्या छपराच्या कडेकडेने नजर फिरवताना माझ्यातली रबरवाली जागी झालीच: सांधे कुठे येतात, पाणी कुठे साचेल, उतरेल कुठून. ब्युरिगच्या पेटंटनंतर अमेरिकेत कारखान्यातून टी-टॉप घेऊन निघालेली पहिली गाडी म्हणजे शेवरोलेची 1968 ची कॉर्व्हेट. त्या काळी अमेरिकन पेटंट 17 वर्षं चालायचं. 1951 मध्ये 17 मिळवून बघा.

मधल्या काळात जर्मनीत पोर्शने वेगळ्या वाटेने तोच विचार केला होता. साठीच्या दशकात अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेवरून रान उठलं होतं. गाडी उलटली तर कापडी छपराखालच्या माणसांचं काय, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. अमेरिका कन्व्हर्टिबलवर बंदी घालणार अशी कुजबुज कारखान्यांत पसरली, आणि पोर्शचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतच. म्हणून 1965 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात त्यांनी 911 टार्गा मांडली. सीटांच्या मागे वीतभर रुंदीची, घासून मंद चकाकी आणलेल्या स्टेनलेस स्टीलची कमान. गाडी उलटली तर भार हिच्यावर यावा. पुढचं छप्पर काढून घडी घालून डिकीत टाकायचं. नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून घेतलं. सुरुवातीच्या गाड्यांत मागची खिडकीसुद्धा मऊ प्लास्टिकची आणि चेन लावून उघडायची होती. थंडीत ते प्लास्टिक आखडायचं आणि चेन लावता लावता बोटं बधिर व्हायची. थोड्याच वर्षांत तिथे पक्की काच आली. जुन्या टार्गाचे खरे दर्दी आज त्या चेनवाल्या खिडकीसाठीच जीव टाकतात, हा भाग निराळा.

बंदी काही आली नाही. पण भीतीने आपलं काम केलं होतं. त्यातच एअर कंडिशनर स्वस्त झाले, हायवेवरचे वेग वाढले, आणि लोकांनीही कन्व्हर्टिबल घेणं कमी केलं. कॉर्व्हेटची कन्व्हर्टिबल 1975 ला बंद झाली. 1976 ची कॅडिलॅक एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून वाजतगाजत विकली गेली. म्हणजे एका कायद्याच्या धाकाने अमेरिकेतली उघडी गाडी संपत आली, आणि तो कायदा झालाच नाही. मधल्या पोकळीत टी-टॉप फोफावला. ज्यांना डोक्यावर आभाळ हवं होतं त्यांच्यासाठी दुकानात दुसरं काही उरलंच नव्हतं.

आता शेजाऱ्याच्या गाडीकडे येते. 1977 ची कॉर्व्हेट, शौकिनांच्या भाषेत सी-थ्री, म्हणजे तिसरी पिढी. मालक टूल अँड डाय मेकर, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं घडवणारा, म्हणून निवृत्त झालेला, हाताची बोटं लाकडी चमच्यांसारखी, बोलणं मोजकं. मी रबराचं काम करते हे कळल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तसा माझ्या धंद्याने कुणाच्याच चेहऱ्यावर पाडलेला नाही. त्याने मला थेट गॅरेजमध्ये नेलं.

1968 च्या मॉडेलचं छप्पर आधी एका तुकड्याचंच करायचं ठरलं होतं, टार्गासारखं. पण छप्पर कापलं की गाडीचं अंग सैल पडतं. एक चाक खड्ड्यात, दुसरं उंचवट्यावर असं झालं की अख्खी बॉडी पिळवटते, काचा कुरकुरतात, दारं करकरतात. तेव्हा मधोमध तो दांडा टाकला आणि पुढची काच मागच्या कमानीला बांधून टाकली. नकाशावर ठरलेली गोष्ट रस्त्यावर टिकेना म्हणून झालेली ती डागडुजी. आज तिच्याच आकारावरून गाड्यांची एक अख्खी जात ओळखली जाते.

पॅनल काढणं पाहण्यासारखं असतं. आधी दोन्ही खिडक्या पूर्ण खाली. मग आतून खटके सोडवायचे, बाहेरची कड उचलायची, आणि मधल्या दांड्यापासून बाजूला ओढत पॅनल अलगद बाहेर घ्यायचं. शेजारी ते काढताना श्वास रोखतो. पॅनल फायबरग्लासचं, वर गाडीचाच रंग. कोपरा कुठे आपटला तर रंगाचा टवका गेलाच. त्या पिढीच्या कॉर्व्हेटला डिकी उघडायला बाहेरून झाकणच नव्हतं. ते थेट 1982 च्या खास आवृत्तीत आलं, मागची काच वर उचलणारं. त्यामुळे काढलेली पॅनलं सीटांवरून मागे न्यायची, पिशवीत घालायची आणि पट्ट्यांनी आवळायची. तेवढ्यात मागची सगळी जागा संपते. बॅग घ्यायची की आभाळ, हे घरून निघतानाच ठरवावं लागतं.

तो एक गोष्ट कधीच करत नाही: गाडी जॅकवर असताना किंवा उताराच्या ड्राइव्हवेवर एक चाक वर चढलेलं असताना पॅनल लावणं. पिळलेल्या बॉडीत पॅनल बसवलं तर ते बसतं, पण गाडी सपाटीला आली की कुठेतरी केसाएवढी फट राहते.

ती फट म्हणजे माझं क्षेत्र. कॉर्व्हेटच्या दाराच्या काचेला वरून चौकट नसते. काच वर जाते आणि थेट पॅनलच्या कडेच्या रबरावर टेकते. म्हणजे पुढच्या खांबाच्या माथ्याशी एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत खांबाचं रबर, पॅनलचं रबर आणि काच अशी तिघं एकत्र येतात. सरळ रेषेत पाणी अडवणं कुणालाही जमतं. अशा तिठ्यावर भले भले हात टेकतात. त्यात ही बॉडी फायबरची, त्यामुळे प्रत्येक गाडीची मापं थोडी निराळी. कारखान्यातही खटक्यांच्या खाली पातळ चकत्या घालून पॅनलांची उंची जुळवायचे. शेजाऱ्याच्या एका बरणीत अशा चकत्या आहेत. कुठली चकती कुठून निघाली याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

शिवाय रबर म्हातारं होतं. वर्षानुवर्षं दाबून राहिलं की परत फुगायचं विसरतं. आमच्यात त्याला "सेट" झालं म्हणतात. तपासायची जुनी युक्ती अशी की फटीत एक डॉलरची नोट ठेवायची, पॅनल लावायचं आणि नोट ओढायची. अडखळत आली तर ठीक, सहज निसटली तर तिथून पाणी येणार. मग बाजारातलं नवं रबर आणतात. ते इतकं कडक असतं की पॅनल खटक्याला लागतच नाही. गाडी उन्हात लावायची, थोडं दाबायचं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. त्यावर सिलिकॉनचं ग्रीस चोळायचं. पेट्रोलियमचं चोळलं तर या जातीचं रबर फुगून वाया जातं; हे मी त्याला सांगायला गेले तर त्याला आधीच माहीत होतं. कसं, ते त्याने सांगितलं नाही.

गाडी गळते म्हणजे काय हेही तिथेच कळलं. चालत्या गाडीत क्वचितच पाणी येतं. वेगात छपरावरची हवा पॅनलला वर ओढते, तेव्हा फार तर शिट्टी वाजते. पाणी येतं सिग्नलला. छपराच्या पन्हळीत साचलेलं पाणी ब्रेक मारला की पुढे धावतं आणि काचेच्या वरच्या कडेवरून बरोबर मांडीवर पडतं. जुने टी-टॉपवाले पावसात लाल दिवा दिसला की लांबूनच वेग कमी करत येतात. मागच्याला वाटतं, काय सभ्य ड्रायव्हर आहे.

गळण्यात सगळ्यांवर कडी केली ती पॉन्टिॲकच्या फायरबर्ड ट्रान्स ॲमने. पॉन्टिॲकला पन्नास वर्षं झाली म्हणून 1976 मध्ये काळ्या-सोनेरी रंगाची खास आवृत्ती काढली आणि तिच्यावर हर्स्ट कंपनीची काचेची पॅनलं बसवली. हर्स्ट ही मुळात गिअरचे दांडे बनवण्यासाठी नावाजलेली. ही हर्स्ट हॅच इतकी गळायची की 1978 मध्ये जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने स्वतःची, मोठी आणि बरी पॅनलं आणली. शहाण्या माणसाने फिशरवाली गाडी घ्यावी. पण त्या काळ्या-सोनेरी ट्रान्स ॲमचे मालक हर्स्टच्या गळतीविषयी ज्या लाडिकपणे बोलतात, तो सूर मी फक्त सासूच्या तोंडून, धाकट्या मुलाविषयी बोलताना ऐकलाय.

या लोकांना एकत्र बघायचं तर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर यावं. डेट्रॉइटमधून वायव्येला जाणारा हा रस्ता. 1909 मध्ये याच्याच एका मैलावर देशातला पहिला काँक्रीटचा हायवे ओतला गेला. 1995 पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे ड्रीम क्रूझ भरते आणि हजारो जुन्या गाड्या फर्नडेलपासून पॉन्टिॲक गावापर्यंत मुंगीच्या पावलांनी फिरतात. मिशिगनमध्ये 25 वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळते. त्या पाटीवर एरवी गाडी फक्त प्रदर्शनांना, मिरवणुकांना काढता येते, पण ऑगस्ट महिनाभर ती हवी तशी चालवायला कायद्यानेच मुभा आहे. अख्खा महिना! हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून या गाड्या नोव्हेंबर ते एप्रिल अंगावर चादर घेऊन झोपलेल्या असतात. ऑगस्ट म्हणजे त्यांची दिवाळी.

आणि ऑगस्टच्या दुपारी इथे हमखास वादळी पाऊस येतो. तो मी वुडवर्डच्या कडेला खुर्ची टाकून पाहिलाय. पश्चिमेला आभाळ शिसवी झालं. आधी कन्व्हर्टिबलवाल्यांनी बटणं दाबली आणि ऐटीत बसून राहिले. बंद गाडीवाल्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. टी-टॉपवाल्यांची मात्र एकच धांदल. एकामागून एक गाड्या रस्त्याकडेच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये वळल्या, दारं उघडली, पिशव्यांच्या चेनी सरसर निघाल्या. आडदांड, गोंदवलेल्या दंडांचे पुरुष तान्ह्या बाळाला धरावं तशी दोन्ही हातांवर पॅनलं तोलत उभे. डावं कुठलं, उजवं कुठलं यावरून नवरा-बायकोंची जुंपलेली. एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाच्या गाडीचं पलीकडचं पॅनल न विचारता धरून उभा राहिला. दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. खटका लागल्याचा आवाज आला, आणि तो आपल्या गाडीकडे पळाला. पहिले टपोरे थेंब त्याच्या उघड्या सीटवर पडलेच.

आमच्या मराठी मंडळींपैकी एकाकडे नव्वदच्या दशकातली निस्सान 300 झेडएक्स आहे, काचेच्या टी-टॉपची. हा मूळचा साताऱ्याचा, आयुष्यभर शिस्तीत सेडान चालवलेला गृहस्थ. त्याची बायको म्हणते, "यांना घरातल्या गॅलरीत बसायला वेळ नाही, पण गाडीचं छप्पर काढायला अर्धा तास आहे." तो गालातल्या गालात हसतो. मी त्याला बाबांचा प्रश्न विचारला. म्हणाला, "सनरूफ उघडताना मी विचार करत नाही गं. हे काढायचं तर आधी आकाशाकडे बघावं लागतं. मी आकाशाकडे दुसऱ्या कुठल्या कामासाठी बघतो, सांग?"

मला हे पटतं. तांत्रिक भाषेत मी तेच वेगळं सांगेन. छपराला जितकं कापाल तितका सांधा वाढतो, आणि सांधा म्हटला की तो कुणीतरी जपावा लागतो. बटणाच्या गाडीत तो मोटर जपते. इथे तो माणसाच्या हाताखाली असतो. होंडाने 1992 मध्ये डेल सोल आणली तेव्हा जपान-युरोपात तिला एक अफलातून यंत्रणा दिली होती. डिकीचं झाकण सरळ वर उचललं जायचं, त्यातून दोन हात पुढे यायचे आणि छप्पर ओढून पोटात घ्यायचे. रस्त्यावरचे लोक बघत उभे राहायचे. 2014 च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात पोर्शने नवी टार्गा दाखवली. तिची मागची अवाढव्य काच आदबीने बाजूला होते आणि छप्पर आपोआप खाली जातं. मी तोंडात बोट घालून पाहिलं, सांध्यांची रचना पाहून मनातल्या मनात त्या इंजिनिअरांना नमस्कारही केला. पण मालकाला तिथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. अमेरिकेत टी-टॉपही तोवर संपला होता. 2002 च्या कॅमारो आणि फायरबर्ड या तिथे विकल्या गेलेल्या शेवटच्या टी-टॉप गाड्या. कॉर्व्हेटने दांडा 1984 लाच टाकून दिला, एकसंध छप्पर आणलं, पण ते पान्याने बोल्ट सोडवून काढायचं. आणि बॉडी पिळू नये म्हणून दाराखालचे उंबरे इतके उंच केले की गुडघे दुखणाऱ्याने त्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे या जातीच्या गाड्या फारशा आल्याच नाहीत. गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची फायबरची दोन सीटची उघडी गाडी काढली होती, रेनॉच्या इंजिनाची. गोव्याच्या पावसात तिचं रबर कसं टिकलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो तो निव्वळ धंद्यापोटी.

शेजाऱ्याच्या गाडीचं एक दुखणं मात्र मला सोडवायचं होतं. कॉर्व्हेट जशी कारखान्यातून निघाली तशीच हवी, हा त्याचा हट्ट. कॉर्व्हेट रिस्टोरर्सची जी राष्ट्रीय सोसायटी आहे, तिचे परीक्षक याच निकषावर गुण देतात. गाडी कारखान्यातून निघताना जशी असायची तशी हवी, त्याहून सरस केली तरी गुण जातात. मी म्हटलं, आजच्या पोकळ, स्पंजासारख्या रबराचा एक छेद त्या तिठ्याशी लावला तर थेंब येणार नाही. तो गप्प बसला. टूल अँड डाय मेकर आहे तो. जे सुधारता येतं ते सुधारायचं नाही, याने त्याचा जीव कासावीस होत होता हे मला दिसत होतं. पण गुण?

शेवटी तडजोड त्याच्या बायकोने काढली. परीक्षकांचं काय ते होऊ दे, म्हणाली, मी ज्या बाजूला बसते ती कोरडी हवी. मग आम्ही दोघांनी मिळून एका शनिवारी उजव्या पॅनलला नवं रबर बसवलं. कोपरा तीनदा कापून जुळवला, नोट ओढून पाहिली, पाइप लावून खालून वर पाणी मारलं. आत टिपूसही आला नाही. डावी, म्हणजे इथे चालवणाऱ्याची, बाजू 1977 ची, तशीच ठेवली.

आता पाऊस लागला की तो सभ्यपणे गाडी कडेला घेतो, दोन्ही पॅनलं लावतो, आणि तिथून पुढे गाडी बायकोला चालवायला देतो.